जर-तरच्या बाई

जर-तरच्या बाई इंग्रजी शिकवताना डोळे मिटून बसत. सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लास होता, आम्हा मोठ्या माणसांचा. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी त्या म्हणत, "हं, आता जे नाही ते बोला."

मार्केट यार्डातले लसणाचे एक अडते रोज एकच वाक्य करत, ‘इफ आय वेअर अ कॅप्टन…’ बाई डोळे न उघडता म्हणायच्या, "अहो, नुसते कप्तान काय होताय? जहाज हलवा!" मग ते आम्हा सगळ्यांना अडखळत समुद्रापार नेत. त्या अंधारत्या खोलीत खालून येणारा औषधांचा वाससुद्धा जाणवेनासा व्हायचा.

"‘वेअर’ म्हटलं की खरंखोटं कुणी विचारत नाही," बाई म्हणत. "पुण्यात एवढी सूट आणखी कुठे मिळते?"

माझं वाक्य मात्र कधी समुद्राकडे गेलं नाही. लग्न होऊन धायरीला आले आणि बी.ए.चं शेवटचं वर्ष राहून गेलं. त्यामुळे मी आपली रोज म्हणायचे, ‘इफ आय हॅड फिनिश्ड माय बी.ए.…’ पूर्ण केलं असतं, तर. एकदा बाईंनी डोळे उघडले.

"वय काय हो तुमचं?"

"बत्तीस."

"मग चुकलं वाक्य."

"‘हॅड’ चुकलं का?"

"व्याकरण बिनचूक आहे. पण गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलताय. ‘इफ आय फिनिश’ म्हणा. पूर्ण केलं, तर."

मी म्हटलं खरं. ‘असतं तर’मध्ये हळहळत बसलं की भागत होतं, आता कॉलेजात जावं लागणार होतं. घाबरत घाबरत गेले.

पास झाल्यावर पेढे घेऊन बाईंकडे धावले, तेव्हा क्लास बंद झाला होता. बाई अंथरुणावर होत्या, डोळे मिटून. मला भरून आलं.

"बाई, तुम्ही नसता तर…"

"अहो, आहे मी अजून. एवढ्यात नसवू नका मला. पेढा द्या."

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्या. आता त्या वाक्याला हरकत घेणारं कोणी नाही. फार आठवण आली की मी संध्याकाळी दिवा न लावता बसते आणि ‘तुम्ही नसता तर’ एवढं म्हणून थांबते. वाटतं, बाई समोर बसल्या आहेत आणि आता पेढा मागतील.