खंड्याचं बीळ आणि माझा अर्ज

घोडबंदर रोडवर आमच्या इमारतीशेजारी नव्या टॉवरसाठी भलामोठा खड्डा खणला आणि काम थांबलं. खड्ड्याचा मातीचा उभा कडा आमच्या कंपाउंडला अगदी खेटून होता. बायको गेल्यापासून मला अर्ज लिहायचा नाद लागला होता. दिवसभर बोलायला कोणी नसलं की माणूस कोणाला तरी लिहीत सुटतो. मी बिल्डरला खरमरीत अर्ज धाडला: कडा ढासळतोय, त्यावर ताबडतोब सिमेंट मारा.

उत्तर आलं नाही. मार्चमध्ये खंड्या पक्ष्यांची जोडी आली. वायरवरून सूर मारून दोघं आळीपाळीने कड्याला चोचीने धडक द्यायची. थोडी माती पडली की परत वायरवर. असं करत हातभर खोल बीळ झालं. मी चहा घेऊन गॅलरीत बसायचो. ही असती तर म्हणाली असती, "अहो, करू द्या त्यांना त्यांचा संसार, किती टक लावून बघाल?" एप्रिल संपता संपता दोघं चोचीत पाली, टोळ घेऊन आत शिरू लागली. पिल्लं झाली होती. मला उगीचच आजोबा झाल्यासारखं वाटलं.

आणि एका सकाळी सिमेंट मारायचं मशीन आलं. मी अनवाणीच खाली धावलो.

"थांबा, त्या बिळात पिल्लं आहेत."

सुपरवायझरने फाइलमधून माझाच अर्ज काढला. "काका, ताबडतोब मारा असं तुम्हीच लिहिलंय ना? आता तुम्हीच थांबवताय?"

त्याच्याच पेनने मी दुसरा अर्ज लिहिला: बिळाजवळचं काम महिनाभर थांबवावं. भला माणूस, तेवढा तुकडा त्याने सोडला. पुढे चार पिल्लं बाहेर येऊन वायरवर बसली, मग उडाली. मी आनंदाने फोन हातात घेतला, पण सांगू कोणाला? ते भोकही मग बुजवलं गेलं.

यंदा मार्चमध्ये जोडी परत आली. त्याच वायरवर बसली. एकाने सूर मारला आणि तो सिमेंटवर आपटला. परत गेला, परत आपटला. मी गॅलरीतून हात हलवून त्यांना हाकलत राहिलो. दुपारी दोघं खाडीकडे निघून गेली. घरात फार एकटं वाटलं. सवयीने कागद घेतला, 'माननीय महोदय' लिहिलं आणि थांबलो. हा अर्ज कोणाला करायचा, तेच कळेना.