भाऊजींचा नवा चष्मा

सकाळी मी चहा पुढे ठेवला, की माझे धाकटे दीर आधी कपाच्या कडेवरून नख फिरवायचे. सगळी नोकरी विमानाच्या इंजिनाची पाती तपासण्यात गेली. बारीकसा तडासुद्धा नजरेतून सुटायचा नाही.

"भाऊजी, कप आहे तो. उडणार नाही," मी चिडवायची.

"तडा तो तडाच, वहिनी."

त्या सकाळी मी चिडवलं, पण ते हसले नाहीत. मागच्याच महिन्यात त्यांनी तपासलेल्या इंजिनाचं एक पातं आकाशात तुटलं होतं. तुकडा खिडकी फोडून आत शिरला. दुसऱ्या इंजिनावर विमान कसंबसं उतरलं, पण खिडकीशी बसलेली बाई गेली. तेव्हापासून भाऊजींचं जेवण पोटात कमी आणि ताटातच जास्त राहायचं.

दार वाजलं. चौकशीच्या बाई होत्या, सोबत एक सहकारी. चहा नको म्हणाल्या, पण बोलल्या मऊपणे.

"तडा जुना निघाला, काका. तुमच्या तपासणीच्या आधीचा. दिसायला हवा होता."

"हवाच होता."

"तेव्हा चष्मा कुठला होता?"

"हाच."

पात्यांना चकाकणारा रंग लावतात आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरतात. तडा असला की हिरवी रेघ उजळते, असं भाऊजींनीच मला कधीतरी सांगितलं होतं. सहकाऱ्याने खिशातून तसलाच छोटा दिवा काढला आणि चष्म्यावर धरला. बघता बघता काचा काळ्या झाल्या.

भाऊजी बघतच राहिले. "उन्हात काळा होतो हे ठाऊक होतं," ते हळूच म्हणाले. "पण अंधाऱ्या खोलीत ऊन कुठलं, म्हणून काढला नाही."

"त्या काचांना हा दिवा म्हणजे ऊनच, काका."

चष्मा पिशवीत घालून, मोहोर लावून ते घेऊन गेले. कुणी दिला, हे त्यांनी विचारलं नाही. भाऊजींनीही सांगितलं नाही.

दिला होता त्यांच्या लेकीने. आई गेल्यापासून बापाची आई झालेली पोर! परगावी नोकरीला निघताना तिने हौसेने करून आणला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकावर चढवला. "बाबा, उन्हात डोळे बारीक करून हिंडता ना, अगदी चोर दिसता!" त्यावर आम्ही सगळे किती हसलो होतो.

भाऊजी टेबलावर कप चाचपत होते. मी तो त्यांच्या हातात दिला. या वेळी त्यांनी कडेवरून नख फिरवलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. कामावर जाण्याआधी पोर रोज करायची, तोच. मी उचलायला गेले, तर भाऊजींनी माझा हात धरला.

"वहिनी, चष्म्याचं विचारलं तर छान आहे म्हणा."