देवाला दिलेली कोंबडी

मोर्शीच्या आमच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लोक शेतातलं पहिलं फळ वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. संत्र्याच्या बागा वाळल्या त्या वर्षी वेदीपुढे थोडी वांगी, एक कोहळं आणि एक जिवंत कोंबडी होती. कोंबडी आणणारी म्हातारी जवळच्या खेड्यातली. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही.

"वावरानं काई देल्लं नाही, घरात हे एकच उरली," असं तिनं पाळकांना सांगितलं. मग प्रवचनभर कोंबडी ओरडत राहिली आणि म्हातारी पहिल्या बाकावरून तिला पाळकांपेक्षा मोठ्यानं दटावत राहिली, "चूप बस, देवाच्या घरात हायेस तू!"

लिलावात मात्र ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागली, "चोची मारते हो हे. रस्सा बी बेचव होईन." लोक मागे सरले. शेवटी मीच बोली लावली आणि कोंबडी मला मिळाली.

म्हातारी फाटकापर्यंत माझ्या मागे आली. "कापू नका, अंडे देते थे. ज्वारी भिजवून देजा."

"मावशी, तुम्हीच घेऊन जा तिला."

ती भडकली. "देवाले देल्लेली वापस घेऊ?"

"देवाकडून मी विकत घेतली. आता मी तुम्हाला देतोय."

तिनं जरा विचार केला आणि कोंबडी काखोटीला मारली. "मंग हे तुमचं देणं झालं. माह्यं तर कवाच झालं."

पुढल्या वर्षी वेदीपुढे तीच कोंबडी बसली होती, आणि म्हातारी पहिल्या बाकावरून मागे वळून मलाच शोधत होती.