कॉलरच्या आतलं नाव

शाळेसमोरच्या खोलीत बसून टेपबाईंनी एकवीस वर्षं गणवेश शिवले. गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. प्रत्येक पोराला समोर उभं करून त्या माप घ्यायच्या, कॉलरच्या आत लाल दोऱ्याने त्याचं नाव काढायच्या आणि दुमडीत चार बोटं कापड राखायच्या, वाढत्या अंगासाठी. एकाच्या मापाचा कपडा त्यांनी दुसऱ्याला कधी दिला नाही. म्हणायच्या, "माणसाला त्याच्या मापाचं फार थोडं मिळतं. निदान शर्ट तरी मिळू दे."

साथ आली तेव्हा नव्या वर्षाची मापं घेऊन झाली होती. शाळा महिन्याभरात उघडेल असं सगळे म्हणत होते, म्हणून त्या शिवत राहिल्या. शाळा उघडली नाही. पहिली ते सातवीचे सात गठ्ठे फळीवर चढले. समोरचं मैदान इतकं गप्प असायचं, की मशीन चालवणं त्यांना आगाऊपणा वाटे. कधी त्या एखादा शर्ट काढून खुंटीला लावत आणि बघत बसत. बाह्या होत्या, हात नव्हते.

वर्ष उलटलं, वर चार महिने गेले. मग एके सकाळी मुख्याध्यापिका रस्त्यावरूनच, मास्क सावरत म्हणाल्या, "सोमवारी शाळा उघडतेय. गणवेश तयार आहेत ना?"

"केव्हाचे."

"बसतील ना पण? नाहीतर यंदा दुकानातून तयार आणू. तुम्हाला त्रास नको."

तो 'त्रास नको' टेपबाईंना टाचणीसारखा टोचला. एकदा दुकानाची सवय लागली, की मापाला कोण उभं राहतंय?

शनिवारी मैदानात जाऊबाईंनी अंतर राखायला फक्कीने गोल आखले. या टेपबाईंच्या थोरल्या जाऊबाई, काज-बटणं त्यांच्याकडे. एकेका गोलात एकेक पोर उभं राहिलं आणि गठ्ठे सुटले. पहिल्याच मुलाचा शर्ट बेंबीपाशी थांबला. दुसऱ्याची पँट पोटरीवर. तिसऱ्या मुलीला हात वर करता येईनात, आणि वर गेले ते खाली येईनात. मैदान हसून हसून वाकडं झालं. चार बोटं उसवली असती, पण खांदे कुठून आणायचे?

"अगं, तुझी टेप आटली की पोरं फुगली?" जाऊबाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी दुकानात विचारायला पर्समधून फोन काढला. टेपबाई त्या फोनकडे बघत राहिल्या.

"बघतेस काय," जाऊबाई म्हणाल्या. "कपडे आपापल्या वर्गात बसून राहिले, पोरं पुढे सरकली. आता चौथीत आलेल्यांना चौथीचा गठ्ठा घाल की."

"त्यात दुसऱ्यांची नावं आहेत, जाऊबाई."

"माझं अख्खं लहानपण थोरलीच्या झग्यात गेलं. मेले का मी? सातवीचे शाळा सोडून गेले, त्यांचा गठ्ठा नव्या सातवीला. पहिलीचा नव्या पिल्लांना. हिशेब सुटला."

एकवीस वर्षांचा नियम असा उभ्या उभ्या उसवायचा, तर हाताला धीर लागतो. मग टेपबाईंनी चौथीचा गठ्ठा ओढला.

बसले. कुठे बाही लोंबली, कुठे दुमड सोडावी लागली, पण बसले. आणि मग पोरांना कॉलरच्या आतली नावं सापडली. वर्गामागून वर्ग कॉलरी उलट्या करून वाचू लागला.

"ए, तू मी आहेस," पाचवीतला एकजण चौथीतल्याला म्हणाला. "माझं नाव घातलंयस, नीट वाग."

"मग तुझा मार मी खायचा?"

"खा की. आणि गणिताचा पेपरही दे."

मुख्याध्यापिकांनी फोन पर्समध्ये टाकला. "हजेरी कशी घ्यायची आता?" त्या म्हणाल्या आणि मास्कच्या आत हसल्या. ते डोळ्यांत दिसलं. "पुढच्या वर्षीची मापं मात्र लवकर घ्या हं, बाई."

चौथीच्या शेवटच्या गोलात एक मुलगी अजून उभी होती. चौथीचा सगळ्यांत लहान शर्टही तिच्या गुडघ्यावर येत होता. ती कुणाकडे बघत नव्हती.

टेपबाईंनी तिसरीच्या गठ्ठ्यात हात घातला आणि तळाचा एक शर्ट काढला. तो अंगात अचूक बसला, खांद्यापासून मनगटापर्यंत.

"मी वाढलेच नाही," मुलगी पुटपुटली.

टेपबाई गोलाबाहेरच बसल्या आणि तिला दुमड उलटून दाखवली. "ही बघ चार बोटं. बाकीच्यांनी घाईघाईत संपवली. तुझी शिल्लक आहेत. हवी तेव्हा ये, सोडून देईन. आता कॉलर बघ."

मुलीने कॉलर पुढे ओढून, मान वळवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. आणि गोलाबिलाची पर्वा न करता पळत सुटली, एकेकासमोर थांबून कॉलर उलटी करून दाखवत.

"यात मीच आहे," ती सांगत होती. "तुम्ही सगळे दुसरे आहात. मी मीच आहे."

"मिरवतेय कशी," जाऊबाई म्हणाल्या.

"मिरवू दे," टेपबाई म्हणाल्या आणि टेप गळ्यात नीट केली. "नव्या पिल्लांना उभं करा. त्यांची पुढच्या वर्षीची मापं घेते, लांबूनच."