माझ्या नावावर केस आहे का

"वहिनी, विचारायला जायचं तर रविवारी जा, सोमवारी जा. गुरुवारी चुकूनसुद्धा जाऊ नका," आमच्या बिल्डिंगखालच्या टायपिंग सेंटरवाल्या चाचांनी मला बजावलं. चाचा रत्नागिरीकडचे, तीस वर्षं दुबईत. लोकांचे सरकारी अर्ज अरबीत टाइप करून द्यायचे हा त्यांचा धंदा, त्यामुळे कुठल्या खिडकीवर काय विचारायचं आणि काय नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. गुरुवारचं कारण साधं होतं. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. आपल्या नावावर केस निघाली तर पोलीस आपल्याला तिथेच बसवून ठेवतात, आणि सरकारी वकिलाचं ऑफिस रविवारी उघडेपर्यंत आपण आत.

"म्हणजे केस आहे का, एवढं विचारायला अटकेची तयारी करून जायचं?" मी म्हटलं.

"तसंच आहे. फोनवर सांगत नाहीत. दुसऱ्या माणसाला सांगत नाहीत. स्वतः पासपोर्ट घेऊन उभं राहायला लागतं."

आता म्हणे हे सगळं मोबाइलवर दिसतं. दोन हजार नऊ साली दिसत नव्हतं. दिसत असतं तर माझे ते नऊ दिवस वाचले असते, आणि थोडं रक्तही.

झालं होतं असं. मी एका छोट्या इंटिरियर कंपनीत ॲडमिन होते. ऑफिसं, शोरूम सजवून देणारी कंपनी, मालक पुण्याचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे, कुणाच्या घरी आजारपण असलं की डबा घेऊन हजर, असा माणूस. सर सारखे फिरतीवर असायचे म्हणून त्यांनी बँकेत माझी सही लावली. कंपनीच्या चेकवर माझी सही! मला आभाळ ठेंगणं झालं. मी पेढे वाटले. सांगलीला आईला फोन केला, आईने गल्लीभर सांगितलं. आणि पुढच्या सुट्टीत भारतात जायच्या आधी, माझ्यामागे काम अडायला नको म्हणून, एका बैठकीत अख्ख्या चेकबुकवर सह्या करून मी ते सरांच्या हातात दिलं. रक्कम कोरी, नाव कोरं, तारीख कोरी. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. आपला माणूस, दुसरं काय.

मग बाजार कोसळला. सायटी बंद पडल्या. सर "तीन दिवसांत येतो" म्हणून पुण्याला गेले आणि त्यांचा फोन लागेनासा झाला. तिथला कायदा तेव्हा असा होता की चेक परत गेला तर गुन्हा, आणि गुन्हेगार कंपनी नव्हे, सही करणारा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते. पण खरं सांगायचं तर मी काही संन्याशीण नव्हते. माझा ताठा मला नडला.

तरीही मी काही महिने डोळे मिटून काढले. कुठून फोन नाही, कागद नाही, म्हणजे काही नाही, अशी स्वतःची समजूत घातली. आमच्या ह्यांची नोकरी टिकून होती, मुलगी नववीत होती, अल मनखूलमधलं दोन खोल्यांचं घर चालत होतं. आणि मग सांगलीहून शेजारच्या काकूंचा फोन आला. आईला मिरजेच्या हॉस्पिटलात नेलं होतं. बायपास करायची, पुढच्या शनिवारी. बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मी एकुलती एक.

मी लगेच तिकिटाचं बोलायला लागले, तेव्हा हे म्हणाले, "अगं, पण एअरपोर्टवर अडवलं तर?"

माझी पाचावर धारण बसली, ती तेव्हापासून.

म्हणून चाचांकडे गेले, आणि म्हणून रविवारी पोलीस स्टेशनला जायचं ठरलं. शनिवारी दिवसभर मी स्वयंपाकघरात होते. आमटी केली, फ्लॉवरची भाजी केली, तीस पोळ्या लाटून चार-चारच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये टाकल्या. मुलीने दार उघडून बघितलं आणि म्हणाली, "ममा, आर वी हॅविंग अ पार्टी?" मी तिच्यावर एवढी खेकसले की ती दार आपटून गेली. काय सांगायचं होतं तिला? बांगड्या काढून कपाटात ठेवल्या, मंगळसूत्र काढलं. ते काढताना हात थांबला. पण आत गेलं की सगळं काढून घेतात असं ऐकलं होतं, आणि ते परक्या माणसाने मोजून पिशवीत टाकावं, हे मला सहन झालं नसतं.

सकाळी आठला आम्ही दोघं आमच्या भागातल्या स्टेशनात. ह्यांनी माझ्या बीपीच्या गोळ्या खिशात घेतल्या होत्या. खिडकीवरचा तरुण पोलीस फोनवर बोलत बोलत माझा पासपोर्ट उलटवत होता. त्याने नंबर टाइप केला, थांबला, पुन्हा टाइप केला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मग त्याने पासपोर्ट सरकवला आणि हिंदीत म्हणाला, "कुछ नहीं है. खलास. जाओ."

बाहेर येऊन मी फुटपाथवर बसले, सरळ खाली. हे म्हणाले, "उठ, कपडे खराब होतील." मी रडत होते आणि हसत होते. त्याच पावली गुरुवारचं तिकीट काढलं. अकराशे दिरहम, म्हणजे साडेचौदा हजार रुपये, एरवी मी चार एजंट फिरले असते. आईला फोन केला. ती म्हणाली, "येतेयस ना, मग मला काही होत नाही." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

सोमवारी संध्याकाळी मी चाचांना मिठाई द्यायला खाली गेले. त्यांनी बॉक्स घेतला, अल्हमदुलिल्लाह म्हणाले, आणि सहज विचारलं, "सरांच्या सायटी सगळ्या दुबईतच होत्या ना?"

"एक अबुधाबीला होती. का?"

चाचांनी बॉक्स टेबलावर ठेवला. "वहिनी, दुबईच्या पोलिसाने दुबईचं बघितलं. अबुधाबीवाल्याने अबुधाबीत केस टाकली असेल तर ती यांना दिसत नाही. प्रत्येक अमिरातीचं दफ्तर वेगळं."

"मग एअरपोर्टवर?"

"एअरपोर्टवर सगळ्यांचं दिसतं."

मी जिना चढून वर कशी आले मला आठवत नाही. एवढं आठवतं की ह्यांना सांगितल्यावर ते टीव्हीकडे बघतच म्हणाले, "नको विचारायला. सरळ गुरुवारी जा. नसेलच काही. विचारायला जाऊन आपणच कशाला संकट ओढवून घ्यायचं?"

"आणि असलं तर? गुरुवारी रात्री पकडतील मला, सामानासकट. तुम्ही बाहेर, पोरगी बाहेर. रविवारपर्यंत मी आत आणि शनिवारी आई टेबलावर. आणि तुम्ही काकूंना फोन करून काय सांगणार?"

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं आहे की तुम्ही भित्रे आहात," मी म्हटलं, आणि ते खोटं होतं. भीती मलाच वाटत होती. मला आतून वाटत होतं की त्यांचंच ऐकावं, डोळे मिटावेत आणि विमानात बसावं. चारात तीन वेळा तरी निभावलं असतं, असं मी रात्रभर स्वतःला सांगत होते. पण एकदा शंका आली की ती काही बसू देत नाही. अबुधाबीच्या सायटीवर संगमरवर लागला होता. तो पुरवणाऱ्याला चेक गेले होते, तेही माझ्या सहीचे. मी त्या माणसाला फोनवर "चेक तयार आहे, घेऊन जा" म्हणून स्वतः सांगितलेलं मला आठवत होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही अबुधाबीला निघालो. ह्यांनी रजा टाकली होती. दीड तासाचा रस्ता. मी फक्त एकदा म्हटलं, "पोळ्या अजून आहेत फ्रीजरला." ते हो म्हणाले.

तिथे खिडकीवर बाई होती, युनिफॉर्म आणि डोक्याला काळी ओढणी. माझ्याच वयाची असावी. तिने नंबर टाइप केला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, आणि इंग्रजीत विचारलं, "हा तुझा नवरा?" त्या प्रश्नातच मला उत्तर कळलं.

अडतीस हजार दिरहमचा चेक. अकरा दिवसांपूर्वी केस. "इथे सही तुझी आहे?" तिने कागद पुढे केला. होती. नाव, रक्कम, तारीख सरांच्या अक्षरात, आणि खाली माझी सही, माझ्या नेहमीच्या झोकात, खालून रेघ ओढलेली. मला सरांचा राग यायला हवा होता. मला त्या रेघेचा राग आला.

मला आतल्या खोलीत नेलं. मारलं नाही, ओरडलं नाही, चहासुद्धा दिला. पाच तास मी एका बाकावर बसून होते. शेजारी एक फिलिपिनो मुलगी बसली होती, ती पूर्ण वेळ हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी मिरजेच्या हॉस्पिटलचा फोन नंबरच तोंडात येत होता. दुपारी सुटका झाली, पण जामीन म्हणून त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला. माझा, आणि हमी देणाऱ्याचा म्हणून ह्यांचाही. म्हणजे मी जाऊ शकत नव्हते, आणि माझ्याऐवजी हेही जाऊ शकत नव्हते.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "एअरपोर्टपेक्षा बरं झालं." आदल्या रात्री मीच हे पटवत होते, तरी मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "काय बरं झालं? सांगा ना, काय बरं झालं?" त्यांनी गाडी सुरू केली. त्यांची काय चूक होती?

संध्याकाळी आईला फोन करायचा होता. खरं सांगायचं की नाही, यावर आम्ही पुष्कळ बोललो. हृदयाचं दुखणं, चार दिवसांवर ऑपरेशन, आणि मी तिला सांगणार की तुझ्या मुलीवर पोलीस केस आहे? तिने तर माझ्या सहीचं गल्लीभर कौतुक केलेलं. डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं, त्रास होईल असं काही कानावर घालू नका. शेवटी मी म्हटलं, "आई, सुट्टी मिळत नाहीये गं. खूप प्रयत्न केला."

मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "बरं. तुझी नोकरी सांभाळ."

नोकरी! ती कधीच गेली होती.

शनिवारी ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर तिच्या भाच्याने सही केली. मी अल मनखूलच्या घरात फोन मांडीवर घेऊन बसले होते. सहा तासांनी काकूंचा फोन आला, नीट झालं, शुद्धीवर आल्या. मी विचारलं, "माझं काही विचारलं का तिने?" काकू म्हणाल्या, "आत्ताच तर डोळे उघडलेत गं."

संगमरवरवाल्याशी बोलणी करून हप्त्याहप्त्याने पैसे फेडले, केस मागे घेतली गेली, पासपोर्ट हातात आले. त्याला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मी दर दोन दिवसांनी आईला फोन करायचे. ती माझ्याशी बोलायची, पण पाहुण्याशी बोलावं तसं. जेवलीस का, पोरीचा अभ्यास बरा चाललाय का. कधी बोलता बोलता मध्येच म्हणायची, "तुला ऑफिसला उशीर होईल, ठेव." मी ऐकून घ्यायचे. मी, जिने आयुष्यात कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलं नाही. कितीदा तोंडाशी आलं की सांगून टाकावं. पण आता ती बरी होत होती, रोज गल्लीच्या टोकापर्यंत चालून येत होती, आणि मला भीती वाटायची. शिवाय, खोटं कशाला बोलू, लाजही वाटायची.

पासपोर्ट मिळाला त्याच आठवड्यात मी निघाले. दुबईच्या एअरपोर्टवर त्या काउंटरवरच्या माणसाने शिक्का मारेपर्यंत मी श्वास घेतला नव्हता. मुंबईहून रात्रीची बस धरून सकाळी सांगलीला पोचले. दार आईनेच उघडलं. केवढीशी झाली होती, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता, गळ्याखाली टाक्यांची रेघ दिसत होती. मी वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि वर उठवेना.

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "मिळाली वाटतं सुट्टी."

मी म्हटलं, "मिळाली."