मावशीचा चौथा रकाना

आमच्या घरात सल्ला देणाऱ्यांची टंचाई कधीच नव्हती, पण सल्ल्याचं बिल लावणारी पहिली माझी मावशी. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत तिचा जन्म गेला. पुढे हॉटेलवाल्यांनी ती लाँड्रीच बंद केली आणि कपडे बाहेर धुवायला द्यायचं ठरवलं. "तुमचं काम आता कुठलीही कंपनी करते," असं तिला तोंडावर सांगितलं. आता मावशी घरी बसणार, असं सगळ्यांना वाटलं. ती बसलीही, पण माझ्या लॅपटॉपसमोर.

"मी लाँड्रीची सल्लागार झालेय," तिने जाहीर केलं.

"मेहुणीबाई, सल्ला जगात फुकट मिळतो," बाबांनी लगेच चिमटा काढला.

"म्हणून तर कुणी ऐकत नाही, भाऊजी. मी पैसे घेणार. मग झक मारत ऐकतील."

मावशी कुणाकडे पाहुणी म्हणून गेली की आधी टॉवेल चाचपते, मग माणसांची चौकशी करते. चादर नाकाला लावून ती साबण नीट निघालाय की नाही ते सांगते. तिची सख्खी बहीण, म्हणजे माझी आई, मावशी येणार म्हटलं की जुने टॉवेल कपाटात कोंबते. मावशी आल्या आल्या तेच कपाट उघडते.

सुरुवातीला दोन-तीन लहान लॉज मिळाले. मग एक हॉस्पिटल मिळालं. तिथल्या चादरी करड्या पडलेल्या, कडक, पेशंट खाजवून हैराण. तीन महिन्यांचं काम होतं, पण पहिल्या महिन्याच्या शेवटी बैठक होती आणि मावशीला ठेवायचं की नारळ द्यायचा, ते हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरबाई त्या दिवशी ठरवणार होत्या. मावशी वरवर हसत होती. एकदा मात्र चहा पिता पिता म्हणाली, "इथून हाकललं ना, तर हॉटेलवाले म्हणाले तेच खरं म्हणायचं." तेव्हा तिचा कप बशीवर जरा जोरातच टेकला.

कामाचा हिशोब ठेवायला मी तिला एका सॉफ्टवेअरवर बसवलं. संगणकावरचा फळाच तो. प्रत्येक कामाचं एक कार्ड आणि तीन रकाने: 'करायचंय', 'चालू आहे', 'झालं'. काम पुढे गेलं की कार्ड सरकवायचं. हॉस्पिटलवाल्यांनाही फळा दिसायचा, त्यांनाही कार्ड हलवता यायचं. कुणी काही हलवलं की सगळ्यांच्या फोनवर टिंग वाजायचं आणि दर सोमवारी डॉक्टरबाईंना आपोआप अहवाल जायचा. मी हे सगळं उभं केलं आणि स्वतःवर खूश झालो. आमच्या शाळेत संगणक एकच होता, तोही टेबलक्लॉथखाली. त्या मानाने ही झेप मोठीच.

पहिला अहवाल गेला. पूर्ण झालेली कामं: शून्य.

हॉस्पिटलच्या मॅनेजरचा फोन आलाच. आम्ही त्यांना आपसात हिरवेसाहेब म्हणायचो. हे त्यांचं आडनाव नव्हे. 'झालं' मध्ये गेलेलं कार्ड हिरवं व्हायचं, आणि अख्खा फळा हिरवागार दिसावा ही त्यांची आयुष्यातली एकमेव इच्छा होती.

"अहो, मशीन ठासून भरणं बंद झालं. मळक्या कपड्यांच्या ढकलगाड्या धुतलेल्यांपासून वेगळ्या रस्त्याने जायला लागल्या. मग शून्य कसं?" त्यांचा आवाज रडवेला होता.

मी मावशीला म्हणालो, "बरोबर आहे की त्यांचं. सरकव ना दोन कार्डं."

"मी समोर उभी होते म्हणून झालं ते. माझ्या पाठीमागे होतं का, ते कुठे बघितलंय?"

"अगं, पण बैठक आहे!"

"म्हणून काय ओली चादर घडी करून ठेवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टिंग वाजलं. हिरवेसाहेबांनी गाड्यांचं कार्ड स्वतःच 'झालं' मध्ये नेलं होतं. दुपारी टिंग. मावशीने ते परत आणलं. संध्याकाळी पुन्हा टिंग. असं दोन दिवस चाललं. सॉफ्टवेअर कसलं, रस्सीखेच होती ती. शेवटी डॉक्टरबाईंनी फळ्यावरच लिहिलं: "नक्की काय चाललंय? माझा फोन ऑपरेशनच्या वेळी वाजतोय."

मावशी मला घेऊन तडक हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेली. एव्हाना तिथल्या बायाही तिला मावशीच म्हणायला लागल्या होत्या, त्यामुळे मी हाक मारली की आजूबाजूच्याच आधी तिला शोधून द्यायच्या. तिने मशीनमधून एक उशीचा अभ्रा काढला, पिळला आणि हिरवेसाहेबांच्या हातात दिला.

"डाग दिसतोय?"

"छे! स्वच्छ आहे."

"आता हा वाळवा आणि मग बघा."

अभ्रा ड्रायरमधून गरम होऊन बाहेर आला, तर मधोमध चहाच्या रंगाचा डाग. हिरवेसाहेबांनी तो खिडकीजवळ नेऊन उलटसुलट पाहिला.

"ओलं असताना डाग लपतो. माझ्या पहिल्या मुकादमबाईंनी शिकवलं होतं, वाळल्याशिवाय गेला म्हणायचं नाही."

"उशीचं ठीक आहे हो मॅडम," साहेब अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "पण शून्याचा अहवाल घेऊन डॉक्टरबाईंसमोर मला उभं राहायचं आहे."

मावशीने त्यांच्याकडे नीट बघितलं. बहुधा तिला पहिल्यांदाच कळलं की या माणसाचीही कुणी कार्डं हलवत असतं. "बरं," ती म्हणाली, "गाड्यांचं कार्ड राहू दे हिरवं. तुमच्या भरवशावर."

चार दिवस शांततेत गेले. मग टिंग. हिरवेसाहेबांनी गाड्यांचं कार्ड 'झालं' मधून 'चालू आहे' मध्ये हलवलं होतं. मागे! मला वाटलं त्यांची बोटं चुकली. तेवढ्यात त्यांचा फोन आला, तो मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, लिफ्ट बिघडली. मग गाडीवाल्यांनी मळक्या कपड्यांची गाडी सरळ धुतलेल्या कपड्यांच्या खोलीतून आणली."

"तुम्ही कुठे होता?"

साहेब खाकरले. "मी दार धरून उभा होतो. गाडी अडकू नये म्हणून."

मी तोंड दाबून हसलो. मावशीने मला डोळ्यांनीच गप्प केलं, आणि मग स्वतःलाच राहवलं नाही. "नीट धरलं होतंत ना? गाडीला लागलं तर नाही?"

पलीकडून साहेबही हसले. त्या हसण्यानंतर दोघं पहिल्यांदा एका बाजूने बोलायला लागले. लिफ्ट बंद असली की मळकी गाडी मागच्या उतारावरून न्यायची असं ठरलं. खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात तसं लिहून लावायचंही ठरलं.

"पण आपण परत शून्यावर आलो," साहेब म्हणाले.

मावशी लॅपटॉपकडे बघत राहिली. "बाळा, यात अजून एक रकाना बसतो का?"

"कितीही बसतात. नाव काय देऊ?"

"वाळतंय."

नियम तिनेच सांगितला. काम करून झालं की कार्ड 'वाळतंय' मध्ये टाकायचं. एखादा वाईट दिवस येऊ द्यायचा: लिफ्ट बंद, वीज गेली, कुणी रजेवर. मावशी तिथे नसताना तो दिवस नीट निभावला, तरच 'झालं'. रकान्याला मी पिवळा रंग दिला. हिरवेसाहेब त्यावरही समाधानी झाले. "हिरव्याच्या वाटेवरचा आहे," म्हणाले.

हा शब्द आमच्या घरातही शिरला. माझ्या नोकरीच्या अर्जांचं काय झालं, असं आईने विचारलं की मी म्हणायचो, "वाळतंय." बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "वाळतंय की कुजतंय?"

बैठकीच्या दिवशी मावशीने चष्मा इतक्यांदा पुसला की काचा झिजतील असं वाटलं. डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर फळा उघडला. पिवळ्या कार्डांची रांग आणि 'झालं' मध्ये एकुलतं एक हिरवं.

"एकच? आणि हे पिवळं काय आहे?"

मी तोंड उघडेपर्यंत हिरवेसाहेब उठले होते. त्यांनी ओल्या अभ्र्याची गोष्ट अशी काही रंगवून सांगितली, जणू त्यांचा जन्म लाँड्रीतलाच. आपण दार धरलं होतं, हेसुद्धा लपवलं नाही. डॉक्टरबाईंना हसू आवरेना.

"आणि हे हिरवं कुठलं?"

"गाड्यांचंच. परवा लिफ्ट पुन्हा बंद पडली," साहेब म्हणाले. "कुणी मला फोन केला नाही, कुणी मॅडमना केला नाही. गाड्या गपचूप मागच्या उतारावरून गेल्या. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं."

मावशी मान खाली घालून चष्मा पुसत होती, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

डॉक्टरबाईंनी पडद्यावरच्या त्या एका कार्डावर बोट ठेवलं. "बाकी सगळे मला हिरवंगार दाखवतात, आणि मग मला स्वतः जाऊन बघावं लागतं," त्या म्हणाल्या. "इथलं काम पुढे चालू ठेवा. आमच्या दुसऱ्या शाखेतही हीच रड आहे. तिकडे कधी येता?"

मी टेबलाखालून मावशीचा हात दाबला. म्हटलं, आता तरी लगेच हो म्हण.

"येते की," मावशी म्हणाली. "तिथली लिफ्ट कशी आहे?"

"एकदम नवी कोरी. कधी बंद पडत नाही."

मावशीचा चेहरा पडला.

"मग तिथे जरा वेळ लागेल," ती म्हणाली.