सहा गाणी, एक शिंक आणि आमचे भाऊजी

आमच्या घरात एक थोर गायक राहतो, हे मला लग्नानंतर एकोणतीस वर्षांनी एका परक्या दाढीवाल्या पोरानं सांगितलं. तोवर मी त्या गायकाला नुसता दीर समजत होते.

शिवाजी पेठेत आमची चटणी कांडायची गिरणी आहे. उन्हाळ्यात बायका वर्षाची मिरची, खोबरं, मसाला भाजून आणतात आणि नाकाला पदर लावून रांगेत बसतात. त्या रांगेतनं हा पोरगा सरळ पुढं आला, आमच्या उंबऱ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

"काकू, इथंच का ते?"

"चटणी कांडायची असंल तर नंबर लावा. पावणं कुठलं?"

"बेंगळुरूहून आलोय. दिनकरसरांना भेटायचंय."

आमच्या दिनू भाऊजींना 'सर' म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला. फौंड्रीत त्यांना 'ए गवय्या' म्हणायचे, आणि ते चांगल्या अर्थानं नव्हे.

आता भाऊजींची कारकीर्द सांगते, म्हणजे माझा राग तुम्हाला नीट कळेल. भाऊजी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायच्या खात्यात होते. तिथल्या उरल्यासुरल्या सागवानातनं या माणसानं इलेक्ट्रिक गिटार बनवली. दिसायला पोळपाटाला लाटणं जोडल्यासारखी. वायर लावली की गल्लीतले सगळे टीव्ही खरखरायचे. आणि गाणी कशावर? बंद पडलेल्या एसटीवर, मीटर बघायला येणाऱ्या माणसावर, रवंथ करणाऱ्या म्हशीवर. (म्हशीचं गाणं सोळा मिनिटांचं. म्हशीला घाई नसते, असं त्यांचं म्हणणं.) गाताना तोंड भिंतीकडं, कारण माणसं दिसली की चाल विसरते. अंगात बारा महिने प्लास्टिकचा रेनकोट. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "वहिनी, पाऊस आतनंबी येतो." अशा माणसाला भाकरी वाढताना बाईनं काय बोलायचं, तुम्हीच सांगा.

जाहीर कार्यक्रम एकच झाला, फुटबॉलच्या एका फायनलच्या आधी. दोन पेठांचे पाठीराखे, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. भाऊजींनी मैदानाकडं पाठ करून म्हशीचं गाणं सुरू केलं आणि पाचव्या मिनिटाला दोन्ही पेठांचं एकमत झालं. चपला दोन्हीकडनं आल्या. त्यातली एक आमच्या मालकांना, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाला, बरोबर मापाची मिळाली. तिच्या जोडीची मिळाली नाही म्हणून ते अजून हळहळतात.

मग भाऊजींनी कॅसेट काढली. रेकॉर्डिंग गिरणीच्या माळ्यावर, साध्या टेपरेकॉर्डरवर, भर सीझनमध्ये, खाली डंका चालू असताना. डंका म्हणजे आमचं जुनं कांडायचं यंत्र. मोटारीवर पट्टा फिरायचा आणि लोखंडी मुसळं एकाआड एक खाली पडायची, धाड धुप, धाड धुप. तो आवाज प्रत्येक गाण्यात आहे. मी पण प्रत्येक गाण्यात आहे. चौथ्या गाण्यात भाऊजी अगदी कळवळून म्हणतायत,

गगनबावड्याचा पाऊस मला इचारतोय पत्ता,
म्या म्हटलं सरळ जा, तर वाकडाच हाय रस्ता,

आणि तेवढ्यात खालनं मी: "ओ भाऊजी, ते रडगाणं थांबवा आन् खाली या! पट्टा सुटलाय!"

शेवटच्या गाण्यानंतर एक दणदणीत शिंक आहे, ती आमच्या मालकांची. भाऊजींनी यातलं काही पुसलं नाही. उलट कॅसेटला नावच दिलं, 'सहा गाणी आणि एक शिंक'. बाजारात ती कुणी घेतली नाही. पुढची दोन वर्षं आम्ही ती लग्नात आहेर म्हणून दिली आणि पाहुणे तुटले.

तर ही कॅसेट म्हणे कुणीतरी इंटरनेटवर चढवली. हे सगळं मला त्या पोरानं, त्याचं नाव आदित्य, रांगेतल्या बायकांसमोर सांगितलं. सांगता सांगता थबकला, माझ्याकडं टक लावून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, तुम्हीच का? 'पट्टा सुटलाय'?"

आणि त्यानं शर्टाची बटणं काढली. मी घाबरून झाडूच उचलणार होते, पण आत टी-शर्ट होता आणि त्यावर ठळक अक्षरात छापलेलं, 'पट्टा सुटलाय'.

"काकू, आमच्याकडं दोन बँड सरांच्या पद्धतीनं वाजवतात. भिंतीकडं तोंड करून. एका बँडमध्ये तर एक मुलगी खास तुमच्यासारखं ओरडायला ठेवलीय."

(पगारी. आणि मी इथं एकोणतीस वर्षं फुकट ओरडतेय.)

"पट्टा म्हणजे या व्यवस्थेचा पट्टा, बरोबर ना?"

"पट्टा म्हंजे मोटारीचा पट्टा."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

त्या दिवसापासून घराची धर्मशाळा झाली. रोज दोन-चार दाढ्या दारात. माळ्याच्या पायऱ्यांचे फोटो काढायचे, मालकांना शिंकायचा आग्रह करायचे. (मालक शिंकायचे पण. भाव खाऊन, दहा मिनिटं तयारी करून.) समोरच्या आत्याबाई चटणीचा डबा उचलून म्हणाल्या, "सुमे, तुझ्या गिरणीत मिरचीपरास दाढ्या ज्यादा झाल्यात. माझ्या चटणीत केस निघाला तर बघ." माझ्या अंगाची नुसती लाही व्हायची. मरमर राबायचं आम्ही, आणि थोर कोण, तर भिंतीकडं तोंड करून बसलेला!

आणि थोर माणूस या सगळ्यात काय करत होता? चहा पीत होता. भाऊजींनी गाणं सोडून वीस-बावीस वर्षं झाली होती. कॅसेट आपटली, मन मोडलं, म्हणून सोडलं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. म्हणून आदित्यनं जेव्हा विचारलं, "सर, कोल्हापुरातच एक कार्यक्रम करू या, एकदाच, तुमचं ऐकायला लोक लांबनं येतील," तेव्हा ते नाही म्हणणार याची मला खात्री होती.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "म्हणतो की," म्हणाले. "डंका आणा."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. पहिल्यांदाच कळलं, भिंतीकडं बघण्यात किती सोय असते ते.

कारण डंका मी विकला होता. भाऊजी दर पावसाळ्यात महिनाभर गगनबावड्याला जायचे, पाऊस ऐकायला. (ऐकायला! कपड्यांना बुरशी आणायचे, ती मी धुवायची.) त्या वर्षी ते तिकडं असताना मोटार जळाली. मी नवी मशीन घेतली, झाकणाची, चकाचक, आणि डंका भंगारात घातला. तो शिरोलीच्याच कुठल्या तरी भट्टीत वितळला आणि आता कुणाच्या तरी ट्रॅक्टरमध्ये ऊस ओढत असेल. भाऊजी परत आले, रिकाम्या जागेकडं बघितलं, एक अक्षर न बोलता माळ्यावर गेले. मला वाटलं, आवडली वाटतं नवी मशीन.

आदित्य गेल्यावर मी तरातरा माळ्यावर चढले.

"भाऊजी, तुम्ही डंक्यापायी गाणं सोडलासा?"

"व्हय."

"मग तोंड का उघडला न्हाईसा? बावीस वर्सं! मी काय मनकवडी हाय?"

भाऊजी गिटारीवरची धूळ पुसत बसले. "नव्या मशीनला ताल न्हाय, वहिनी. नुसती घोंगावती. आन्..."

"आन् काय?"

"तिच्या आवाजात तुमचं वरडणंबी वर ऐकू येईना झालं. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे."

मला असा संताप आला की काय सांगू. त्यांच्यावर आला, माझ्यावर आला, त्या भंगारवाल्यावर आला. माणूस बावीस वर्षं मुका बसतो, आणि आम्ही त्याला दोन वेळ भाकरी वाढतो आणि म्हणतो, चला, शांत झाला एकदाचा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रागाचंच, पण आलं.

"कार्यक्रम करायचा," मी म्हटलं. "ताल मी धरतो." (कोल्हापुरात आम्ही बायकाही 'मी धरतो, मी जातो' म्हणतो. खटकत असेल त्यांनी चटणी दुसरीकडनं न्यावी.)

जिन्याखाली सासूबाईंचं दगडी उखळ होतं आणि टोकाला लोखंडी वसवी, म्हणजे कडं, बसवलेलं मुसळ. ते काढलं, धुतलं. आदित्यनं आवाज ऐकला आणि उड्या मारायला लागला. "काकू, हाच तो! फक्त कार्यक्रमात रिकाम्या उखळात मारा. नुसता आवाज हवाय."

"रिकाम्या उखळात मुसळ मारत न्हाईत. घराला चांगलं नसतं."

"मग थोडे तांदूळ घालू."

"तांदळाचा आवाज तांदळासारखा येतो. त्या गाण्यांत मिरची हाय."

"बरं, मिरची. थोडीशी."

आता मिरचीचं असं आहे, ब्याडगी रंगाला असते आणि संकेश्वरी तिखटाला. ब्याडगी घेतली असती तर काही झालं नसतं. मी मालकांना विचारलं, "कुठली न्हेऊ?" मालक म्हणाले, "बघ की." पुण्या-बेंगळुरूची माणसं येणार, आणि त्यांच्यापुढं कोल्हापूरची बाई फिक्की मिरची कुटणार? इज्जतीचा प्रश्न होता. मी संकेश्वरी घेतली. खरपूस भाजून घेतली. थोडीशी म्हणजे दोन किलो.

हॉल एसीचा होता. संध्याकाळी पाच वाजता माणसं खच्चून भरली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दारं गच्च लावली. भाऊजी रेनकोट घालून स्टेजवर आले आणि सवयीनं भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी शेजारी उखळापाशी पदर खोचून बसले. भाऊजींनी मान हलवली, मी मुसळ उचललं. धाड धुप.

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याच्या मध्याला तिसऱ्या रांगेत एकजण खोकला. मग त्याच्या शेजारची. एसीनं काय काम केलं म्हणता! मिरचीची धूळ उचलली आणि कोपऱ्या-कोपऱ्यात, अगदी बाल्कनीपर्यंत, सगळ्यांना सारखी वाटली. तिसऱ्या गाण्याला सगळा हॉल नाक ओढत होता. साउंडवाला टेबलाखाली गेला. आदित्य विंगेतनं हात जोडून मला थांबा थांबा करत होता आणि मला वाटलं, दाद देतोय. मी जोर वाढवला.

मला काही होत नव्हतं, आमची नाकं मेलेली. भाऊजींचंही तसंच. ते भिंतीकडं बघून, डोळे मिटून, जन्मात म्हटलं नसेल इतकं सुंदर म्हणत होते. त्यांना मागचे फक्त हुंदके ऐकू येत होते. चौथं गाणं आलं, गगनबावडा आला, माझी ओरडायची जागा आली. मी समोर बघितलं आणि हबकले. लालबुंद डोळे, वाहणारी नाकं. पट्टा-बिट्टा सगळं विसरले आणि खरोखरच ओरडले,

"आरं दारं उघडा की मुडद्यांनो! मरताय काय?"

आणि मग त्या सगळ्या हॉलनं, खोकत, शिंकत, एका सुरात मला परत ओरडून दाखवलं, "दारं उघडा की मुडद्यांनो!"

दारं उघडली. कुणी बाहेर गेलं नाही. आणि तेव्हा भाऊजी वळले. आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडं तोंड करून उभे राहिले. समोर शेकडो माणसं डोळे पुसत होती. भाऊजी माझ्याकडं वाकून म्हणाले,

"वहिनी, सगळी रडत्यात की."

खरं सांगणं माझ्या अगदी जिभेवर होतं. एकोणतीस वर्षांत जिभेवर आलेलं मी कधी गिळलेलं नाही.

"व्हय," मी म्हटलं. "रडत्यात."

मग त्यांनी म्हशीचं गाणं घेतलं, लोकांकडं बघून, अख्खी सोळा मिनिटं. चाल विसरले नाहीत. तोवर धूळ बसली होती, वारा खेळता झाला होता. तरी चार-दोन माणसं डोळे पुसतच होती. ती का, ते मला माहीत नाही. मी पण पुसत होते, आणि मला तर मिरची लागत नाही.

परवा पुढच्या कार्यक्रमाचं पोस्टर आलं. वर भाऊजींचा फोटो, रेनकोटातला. खाली ओळीनं नावं. गायन: दिनकर. मिरची: संकेश्वरी. आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, आरडाओरडा: वहिनी.

माझं डोकं फिरलं. मिरचीच्या खाली! तिथल्या तिथं आदित्यला फोन लावला. "काय रं, आरडाओरडा काय म्हणून छापलायस? ताल कुणी धरला? आन् मी कवा वरडतो? सांग की, मी कवा वरडतो?"

पलीकडनं पोरगं घाईघाईनं म्हणालं, "काकू, थांबा, थांबा. रेकॉर्डिंग चालू करतो, मग पहिल्यापासून म्हणा."

म्हटलं की. पहिल्यापासून. दोनदा.